न उघडलेल्या ॲम्प्लिफायरचं ट्युनिंग

स्क्रूवरचं नेलपॉलिश जसंच्या तसं होतं. मागच्या बाजूला चार, दोन्ही कडांना दोन-दोन. आठही स्क्रू मी भिंगाखाली बघितले. एकावरही चरा नव्हता.

हे नेलपॉलिश माझ्या बायकोचं, मरून रंगाचं. आमच्या रिपेअरिंगच्या धंद्यात ही जुनी सवय आहे. सेट दुरुस्त करून झाकण बसवलं की स्क्रूवर एक थेंब टाकायचा, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा पत्र्यावर. नंतर कोणी स्क्रू फिरवला तर थेंब तुटतो. गिऱ्हाईक म्हणालं, 'आम्ही हात नाही लावला,' तरी आपल्याला कळतं.

तर हा ॲम्प्लिफायर कोणीही उघडलेला नव्हता. आणि गेले पाच महिने सगळ्या मीरा रोडला माहीत होतं की शिरोडकरने तो आतून 'ट्यून' केलाय आणि पेडणेकरने बिघडवलेला आवाज परत आणलाय. पेडणेकर म्हणजे मी.

मला इतका आनंद झाला की मी शटर अर्धं ओढलं, समोरच्या टपरीवरून कटिंग मागवला आणि त्या आठ थेंबांकडे बघत प्यायलो.

शिरोडकरबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही दोघं अंधेरीला एका ऑडिओ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चौदा वर्षं शेजारी-शेजारी बेंचवर बसलो. आमचे फोरमन डिमेलो उत्तनचे. कडक माणूस. कंपनी बंद झाली, सगळ्यांना हिशेब देऊन घरी पाठवलं. मी भाईंदर ईस्टला नवघर रोडवर दुकान टाकलं, ॲम्प्लिफायर, टेप, सीडी प्लेअर रिपेअर. शिरोडकरने मीरा रोडला एक वन रूम किचन घेतलं, भिंतींना गालिचे लावले आणि दारावर पाटी लावली, 'लिसनिंग रूम'. ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट.

हातात कसब माझ्या जास्त. हे मी म्हणत नाही, डिमेलो म्हणायचे. शिरोडकरचं सोल्डरिंग बघून ते मान हलवायचे. पण शिरोडकर बोलायचा गोड. आणि ऐकायचा. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा हनुवटीखाली हात घेऊन असा ऐकत बसायचा की समोरच्याला वाटावं, आपल्यासारखा कान जगात कोणाचा नाही.

हाय-फायचे शौकीन ही वेगळीच जमात आहे. यांना गाणं ऐकायचं असतंच, पण त्याहून जास्त सेट ऐकायचा असतो. स्पीकरची वायर एकाच दिशेने लावली तर आवाज 'मोकळा' होतो, यावर त्यांचा विश्वास. नवीन वायर शंभर तास वाजवल्याशिवाय 'मुरत' नाही. ॲम्प्लिफायरखाली तीन पितळी पाय ठेवले की आवाजाला 'पाया' येतो. शिरोडकर हे पितळी पाय विकायचा. ते कुठे बनतात हे मला माहीत होतं. भाईंदर ईस्टला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथल्या एका लेथवाल्याकडे. तोच लेथवाला माझ्या दुकानाच्या शटरची पिन बनवून गेला होता. शिरोडकर त्या पायांना मखमली डबी करायचा.

मी हसायचो. पण माझ्या दुकानात मिक्सर यायला लागले होते, आणि त्याच्या लिसनिंग रूमबाहेर रविवारी घोडबंदरवरून आलेल्या गाड्या लागायच्या. मला ते बघवायचं नाही. भाजी आणायला मीरा रोडला जायचं काही कारण नसताना मी त्या गल्लीतून जायचो आणि गाड्या मोजून परत यायचो. बायकोला हे माहीत नाही.

माझी अब्रू टिकून होती ती गुप्ते साहेबांमुळे. गुप्ते साहेब विमा ऑफिसातून रिटायर झालेले. दादरच्या दोन खोल्या विकून मीरा रोडला मोठा हॉल असलेला फ्लॅट घेतला, तो फक्त स्पीकर नीट मांडता यावेत म्हणून, असं त्यांच्या मिसेस सांगायच्या. त्यांच्याकडे दर रविवारी सकाळी पाच-सहा शौकीन जमायचे. या मंडळींचे सेट बिघडले की माझ्याकडे यायचे, कारण गुप्ते साहेब सांगायचे, हात पेडणेकरचाच. ते माझ्या बाजूने होते म्हणून मी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा न राहता, ज्याच्याकडे लोक भारी सेट विश्वासाने सोडतात असा माणूस होतो. गुप्ते साहेब गेले असते तर माझ्याकडे मिक्सरच उरले असते.

त्यांचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला तेव्हा त्याचा एक चॅनेल बंद होता. खाडीची हवा. आपल्याकडे तांब्यावर हिरवं चढतं, रिलेचे कॉन्टॅक्ट खराब होतात. रिले म्हणजे आतला एक छोटा स्विच, तो चिकटला की त्या बाजूच्या स्पीकरला आवाज जात नाही. मी रिले बदलला, जुने कपॅसिटर बदलले, सगळी मापं घेऊन वहीत लिहिली. पार्ट यायला वेळ लागला, म्हणून सेट तीन आठवडे माझ्याकडे होता. तेवढ्यात त्यांनी घराला रंग लावून घेतला.

सेट पोचवायला मी स्वतः गेलो. हॉलमध्ये शिरलो आणि बघितलं, त्यांच्या टेबलावर दुसराच ॲम्प्लिफायर वाजतोय. खाली तीन पितळी पाय.

"शिरोडकरनी ठेवलाय, तुमचा येईपर्यंत," गुप्ते साहेब म्हणाले. "मी म्हटलं नको, तर म्हणाले, घरात गाणं बंद नको."

म्हणजे मी असताना माझ्या गिऱ्हाइकाच्या घरात गाणं तो चालू ठेवणार. माझे कान तापले. कुठली वायर कुठे होती हे न बघताच त्याच्या वायरी उपटल्या, सेट उचलून बाजूला ठेवला, जरा जोरातच, आणि माझा लावायला बसलो.

आता थोडी वायरची गोष्ट. प्रत्येक स्पीकरला दोन वायरी जातात, एक लाल टर्मिनलला, एक काळ्या. एका स्पीकरची अदलाबदल झाली तर दोन्ही वाजतात, पण एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. खर्जाचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. गाणारा मधोमध बसलेला वाटण्याऐवजी हॉलभर सांडल्यासारखा वाटतो. म्हणून वायरीवर एका बाजूला बारीक रेघ असते, ती बघून लावायचं. गुप्ते साहेबांच्या रंगाऱ्याने भिंतीच्या तळाशी चिकटवलेल्या वायरी भिंतीसकट रंगवून टाकल्या होत्या. रेघ दिसत नव्हती.

अशा वेळी काय करायचं हे डिमेलोंनी आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. साधा पेन्सिल सेल घ्यायचा, वायरीच्या टोकांना क्षणभर लावायचा, आणि स्पीकरचा पडदा बाहेर येतो की आत जातो ते बघायचं. बाहेर आला की ज्या वायरीला सेलची प्लस बाजू ती लालला. अर्ध्या मिनिटाचं काम. "सेल लावलास काय? न्हाय? मग स्पीकरला हात लावायचा न्हाय," असं ते रोज ओरडायचे. चौदा वर्षं मी सेल लावला. नवघर रोडच्या दुकानात मिक्सरवाल्याच्या रेडिओलाही लावायचो.

त्या दिवशी नाही लावला. सेल बॅगेत होता. मला फक्त त्या पितळी पायांच्या नजरेआड व्हायचं होतं. दोन्हीकडची वरची वायर लालमध्ये खुपसली, आवाज हळू ठेवून मिनिटभर वाजवलं, दोन्ही चॅनेल चालू आहेत म्हटलं आणि निघालो. चहाही घेतला नाही.

आठ दिवसांनी फोन आला.

"पेडणेकर, आवाज येतोय," गुप्ते साहेब म्हणाले. "पण गोडवा गेलाय. एअर नाही. डेप्थ नाही."

मागून मिसेस गुप्त्यांचा आवाज आला, "डग्गा ऐकू येत नाही म्हणून सांगा ना त्यांना."

"तू थांब गं जरा," साहेब म्हणाले.

डग्गा म्हणजे तबल्याचा खर्ज, तो गेला म्हटल्यावर कोणताही टेक्निशियन आधी स्पीकरच्या वायरी बघेल. मी ऐकलं ते फक्त 'गोडवा'. हा शब्द शिरोडकरचा होता. म्हणजे त्याने कान भरले. मी काय उत्तर दिलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "नवीन कपॅसिटर आहेत साहेब, पंधरा दिवस वाजवा, सेट होतील." ज्या मुरण्याच्या गोष्टीला मी हसायचो तीच मी विकली, तीही फुकट.

पंधरा दिवसांनी त्यांनी शिरोडकरला बोलावलं. त्याने अर्धा तास ऐकलं, हनुवटीखाली हात घेऊन. मग सेट आपल्या खोलीवर नेला, चार दिवस ठेवला आणि पितळी पायांसकट परत आणून लावून दिला. गुप्ते साहेब पहिल्या सुरालाच रडायचे बाकी राहिले, असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. तिघांनी आपापले सेट माझ्याकडून नेले आणि त्याच्याकडे दिले. एकाचा तर मी अर्धा खोलून ठेवला होता.

पुढचे पाच महिने मी कसे काढले ते न विचारलेलं बरं. जेवताना शिरोडकर, रिक्षात शिरोडकर. बायको म्हणाली, एवढी तर तुम्ही माझी कधी आठवण काढली नाही.

आणि मग एका शुक्रवारी गुप्ते साहेब स्वतः रिक्षातून सेट घेऊन आले. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर यायची. "हे किरकोळ काम आहे, शिरोडकरांना कशाला त्रास," ते म्हणाले. म्हणजे किरकोळ कामाला मी. तेही गिळलं. ते गेले आणि मी सेट उलटा केला, तर आठही थेंब शाबूत.

मी सेट उघडला नाही. बाहेरूनच मापं घेतली. पाच महिन्यांपूर्वी वहीत लिहिली होती तीच आली. मग गुप्ते साहेबांना फोन केला की काम छोटं आहे, रविवारी घरी येऊनच करतो, सगळ्यांसमोर. मंडळींनाही बघता येईल आत काय असतं ते. ते खूश झाले. "शिरोडकरही आहेत रविवारी," म्हणाले. मी म्हटलं, असायलाच हवेत.

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. काय बोलायचं ते मनात पाठ केलं. आधी नेलपॉलिश दाखवायचं, मग ते काय असतं ते सांगायचं, मग शिरोडकरला शांतपणे विचारायचं की बाबा, न उघडता तू ट्यून काय केलंस.

रविवारी अकराला पोचलो. गुप्ते साहेब, चार शौकीन, आणि खिडकीशी शिरोडकर. मी सेट टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आज झाकण उघडताना सगळ्यांनी जवळ येऊन बघा. एक गंमत आहे." सगळे सरसावून बसले. शिरोडकर जागेवरून हलला नाही.

आधी खरखर ऐकवावी म्हणून मी वायरी जोडायला मागे वाकलो.

चार टोकं होती. त्यातल्या दोन टोकांवर लाल टेप होती. टेपचं शेवटचं टोक दुमडून शेपटी सोडलेली, म्हणजे पुढच्या माणसाला नखाने ओढून काढता यावी. ही डिमेलोंची पद्धत. भाईंदर-मीरा रोडमध्ये अशी टेप लावणारे दोनच. त्यातला एक मी.

डावीकडे टेप वरच्या वायरीला होती. उजवीकडे खालच्या. उजवीकडची वायर दाराच्या चौकटीला वळसा घालून येते, तिथे ती उलटी झाली होती. टेपजवळचा रंग ब्लेडने खरवडला होता आणि खाली बारीक रेघ दिसत होती.

मी दोन्हीकडे वरची वायर लालमध्ये लावली होती.

मी खिशातून सेल काढला. बॅगेतून मुद्दाम खिशात घेतला होता तो दुसऱ्याच कारणासाठी, खरं काम कसं करतात ते शिरोडकरला शिकवायला. उजव्या वायरीला लावला. पडदा टेपप्रमाणेच बाहेर आला. टेप बरोबर होती.

"काय गंमत, पेडणेकर?" गुप्ते साहेबांनी विचारलं.

"आतली धूळ," मी म्हटलं. "बघाच आता किती असते ती."

मी आठही थेंब तोडले, झाकण काढलं, व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये स्प्रे मारला, बटण पन्नास वेळा फिरवलं. खरखर गेली. मंडळींनी आत डोकावून धूळ बघितली. नेलपॉलिश तुटताना फक्त शिरोडकर बघत होता.

चहा आला तेव्हा मी कप घेऊन बाल्कनीत गेलो. तोही आला.

"सांगितलं का नाहीस त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगू? चौदा वर्षं बेंचवर बसलेला माणूस वायर उलटी लावून गेला?"

"हो. सांगायचं ना."

"मग त्यांनी परत तुझ्याकडे सेट दिला असता?" तो म्हणाला. "आणि खरं सांगू, माझंही काम झालं नसतं. वायर फिरवली म्हटलं की थँक्यू म्हणतात. ट्युनिंग म्हटलं की चार माणसं पाठवतात."

"चार दिवस काय केलंस सेट ठेवून?"

"फडकं मारलं. चार दिवसांखाली कोणाला खरं वाटत नाही रे."

तो हे अगदी साधेपणाने बोलला. माझ्यावर उपकार केल्याचा आव नाही, चोरी पकडल्याची शरम नाही. इतके दिवस मला त्याच्या गाड्यांचा, गालिच्यांचा, गोड बोलण्याचा हेवा वाटत होता. आता त्याच्या चांगुलपणाचाही वाटायला लागला. मी त्याच्या जागी असतो तर पाच मिनिटांत सगळ्या बिल्डिंगला सांगितलं असतं, आणि हे त्यालाही माहीत होतं.

मला त्याचे उपकार नको होते. म्हणून, आणि फक्त म्हणून, मी हॉलमध्ये परत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही.

"साहेब, त्या वेळी आवाज गेला होता ना, ती माझी चूक होती. मी एका स्पीकरची वायर उलटी लावली होती. शिरोडकरने ती सरळ केली. सेट त्याने उघडलेलाच नाही."

गुप्ते साहेब हसले. कसं सांगू, लहान मुलाने आईची चूक आपल्या अंगावर घेतली की मोठी माणसं हसतात तसं.

"पेडणेकर, हा तुमचा मोठेपणा आहे," ते म्हणाले. "जुन्या मित्रासाठी माणूस कमीपणा घेतो, आजकाल दिसत नाही. पण वायरीचा फरक आणि ट्युनिंगचा फरक मला कळतो हो. चाळीस वर्षं ऐकतोय."

"दाखवतो," मी म्हटलं.

सीडीवर नाट्यगीत चालू होतं. मी ते चालूच ठेवून मागे वाकलो आणि फक्त उजव्या स्पीकरच्या दोन वायरी बदलल्या. आवाज हॉलभर सांडला. एक शौकीन म्हणाला, हां, फरक आहे. दुसरा म्हणाला, पण तेव्हाचा वेगळा होता, तेव्हा टोनच कोरडा होता. गुप्ते साहेब डोळे मिटून ऐकत होते.

"बघा," ते म्हणाले. "ट्यून झाल्यापासून सेट इतका सेन्सिटिव्ह झालाय, की वायर जरा हलली तरी लगेच सांगतो."

सगळ्यांनी माना हलवल्या.

तेवढ्यात आत स्वयंपाकघरातून, कुकर उघडत असताना, मिसेस गुप्त्यांचा आवाज आला.

"अहो, डग्गा गेला की परत. पेडणेकर लावून गेले होते तेव्हासारखा."

त्यांना मी वाकलेलो दिसत नव्हतो. बोलणंही ऐकू गेलं नसणार, एक्झॉस्ट पंखा चालू होता. त्यांना आवाज तेवढा ऐकू येत होता.

"ती आत आहे," गुप्ते साहेब मंडळींना म्हणाले. "तिथून काय कळणार."

सगळे हसले. मी शिरोडकरकडे बघितलं. तो हसत नव्हता, खाली बघत होता. मी वायरी सरळ केल्या. आतून आवाज आला, "आला हो आला." मग फोडणी पडली.

लोक मला विचारतात, एवढी शिकलेली माणसं असल्या गोष्टींवर विश्वास कशी ठेवतात. आमच्या लाइनमधले म्हणतात, मूर्ख असतात. मी आता तसं म्हणत नाही. गुप्ते साहेबांना फरक खरंच ऐकू आला होता. कान त्यांचे बरोबर होते. पण त्याचं कारण एवढं साधं असावं हे त्यांना मानवत नव्हतं. पाच महिने ज्याचं कौतुक चार लोकांत केलं ते दोन वायरींवर कसं सोडायचं? आणि मी तरी काय वेगळा होतो? शिरोडकर लबाड आहे या एका गोष्टीवर मी पाच महिने विश्वास ठेवून होतो. पुरावा म्हणून आठ थेंब सापडले तर मी चहा मागवला. दुसरा पुरावा फोनवर मिळाला होता, डग्ग्याचा, तो ऐकलाही नाही.

काम परत सुरू झालं. गुप्ते साहेबांनी सगळीकडे सांगितलं की पेडणेकर म्हणजे सज्जन माणूस, मित्राचं नाव मोठं करतो. त्यामुळे मंडळींचे सेट परत माझ्याकडे आले. मी दुरुस्त करतो, मापं घेतो, आठ थेंब टाकतो. मग ते सेट शिरोडकरकडे चार दिवस ट्युनिंगला जातात. माझ्याकडे पुन्हा कधी आले तर मी आधी भिंगाखाली बघतो. थेंब शाबूत असतात. नाव दोघांचं होतं, त्याचं जरा जास्त होतं. रविवारी त्या गल्लीत अजून गाड्या लागतात. परवा नऊ होत्या.

सेल आता माझ्या शर्टाच्या खिशात असतो, पेनाशेजारी. आणि सेट जोडून झाला की आवाज कसा आहे हे मी हॉलमध्ये बसलेल्यांना विचारत नाही. आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारतो.